ह्यांनी लावलेलं कुलूप

२ जुलै, बुधवार

लॅपटॉपच्या मते आज १ जानेवारी २०१२. काल तारीख नीट लावून बंद केला, सकाळी परत तेच. तारीख चुकीची असली की इंटरनेटला आपण चोर वाटतो, माझ्या ऑनलाइन अक्षर-वर्गाचं पान उघडतच नाही. रविवारी मुलं येऊन बसतील — होसूरची दोघं, कोइंबतूरची तिघं, दुबईचा एक. त्यांना आपली मराठी बोलता येते थोडी, अक्षर एकही ओळखत नाहीत.

हे म्हणाले, "जया, तू घाबरू नक्को. मी पाहतों."

रेकॉर्ड सेक्शनमधून रिटायर झाल्यापासून ह्यांनी आजवर 'पाहिलेल्या' वस्तू — मिक्सर, गीझर, शेजारच्यांचं गेट. त्यातलं गेट अजून उघडतं.

३ जुलै

हे दिवसभर यूट्यूबवर. निदान झालं. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, लॅपटॉप बंद असतानाही ती घड्याळ चालवते. ती मेली आहे.

आमच्या लेकीने, अखिलाने, बंगळूरहून फोनवर सांगितलं, "अप्पा, दुकानात द्या. अर्ध्या तासाचं काम."

"दुकानवाले आतलं सगळं काढून घेतात, कण्णा," हे लाडाने म्हणाले. सीनियर सिटिझन फोरममध्ये सायबर सुरक्षेवर व्याख्यान ऐकून आल्यापासून हे कोणावर विश्वास ठेवत नाहीत. व्याख्यानात एक फाइल आणि बदाम दूध मिळालं होतं.

४ जुलै

तारीख लावायला हे लॅपटॉप सुरू होण्याआधीच्या त्या निळ्या पडद्यात शिरले. बाहेर आले ते छाती फुगवून.

"आत गेलोंच होतों, तर एक पासवर्ड पण घालून टाकलों. आता कोणी सुरू सुद्धा करू शकणार नाही."

"काय घातला?"

"सांगितलों तर तो पासवर्ड कसा?"

५ जुलै, शनिवार

ह्यांचं म्हणणं खरं ठरलं. कोणी सुरू करू शकत नाही. हे सुद्धा नाही.

तीनदा चुकलं की पडद्यावर एक आकडा येतो आणि यंत्र गप्प. बंद करायचं, परत तीनदा. दुपारपर्यंत ह्यांनी आपली जन्मतारीख, स्कूटरचा नंबर आणि सगळे कुलदेव करून पाहिले. माझं नाव करून पाहा म्हटलं, तर म्हणाले, "ते फार सोपं."

आत माझे सगळे पाठ आहेत. आई बोलायची, मी रेकॉर्ड करायची — एकेका अक्षराला आमच्या घरातले शब्द, तिच्या आवाजात. आईच्या, म्हणजे शेषम्माच्या, तोंडची मराठी आता या गावात कितीजण बोलतात? पाठांचं पुस्तक करून चेन्नईचे आपले मराठी लोक गणेश चतुर्थीला छापणार आहेत. आई गेल्या पंगुनी महिन्यात वारली. ते रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठे नाही.

६ जुलै, रविवार

वर्ग मोबाइलवर घेतला. माळ्यावरचा फळा काढला. मी लिहायचं आणि ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरून उभं राहायचं. दुबईच्या प्रद्युम्नने विचारलं, "आजी, तुमच्याकडे भूकंप होतो आहे का?"

हे काही बोलले नाहीत. तासभर! लग्नानंतर पहिल्यांदाच असावं.

८ जुलै, मंगळवार

ओरत्तनाडूहून रंगराव आला. ह्यांचा धाकटा भाऊ. शेवग्याच्या शेंगा आणि एक सिद्धांत घेऊन.

"अण्णा, बॅटरी काढलीस की तो सगळं विसरतो. पासवर्ड सुद्धा. माझ्या मित्राने केलेला आहे."

दुपारी उघडायचा ठरला तर राहुकाळ निघाला. साडेचारपर्यंत दोघं कॉफी पीत लॅपटॉपकडे बघत बसले. मग माझ्या चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने ऑपरेशन. आतली बॅटरी काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली, शेपटीसारखी वायर, टोकाला पिन. ह्यांनी आणलेली नवी मात्र उघडं नाणं.

"तोंड वेगळं आहे," हे म्हणाले.

"तोंडच नाही," रंगराव म्हणाला.

परत गांधीजी रोड. वायरवाली मिळेपर्यंत दुकानं बंद व्हायची वेळ.

९ जुलै

वायरवाली बसवली. झाकण लागलं. चालू केला — तारीख बरोबर, वेळ बरोबर. आणि पासवर्ड विचारतो.

मला आत घेत नाही, पण आज दिवस कुठला हे आता त्याला नक्की माहीत आहे.

रंगराव म्हणाला, "जुन्या मॉडेलमध्ये पुसला जातो, वहिनी. नव्यात पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. हे मला अगोदरच वाटलं होतं." शेंगांची पिशवी परत मागून घेतली आणि पाचच्या बसने गेला.

१३ जुलै, रविवार

च ते ण. ढ लिहीत होते तर मोबाइलच्या मागून आवाज — "ह्याला पोटात गाठ का?" मुलं हसली. मी सांगितलं, कॅमेऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात.

१५ जुलै

ह्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. पासवर्ड काढून देतात, पण लॅपटॉप आपलाच आहे हे दाखवायला बिल हवं. सीतारामराव, रेकॉर्ड सेक्शन — ह्यांच्या कपाटात ट्रान्झिस्टरचं बिल आहे, लग्नातल्या नादस्वरवाल्याची पावती आहे. लॅपटॉपचं नाही. ज्या दुकानातून घेतला तिथे आता बिर्याणी मिळते.

मेडिकल कॉलेज रोडवरच्या एकाने लॅपटॉप हातात न घेताच सांगितलं, मदरबोर्ड बदला. त्यापेक्षा नवा घेऊ, मी म्हटलं. हे म्हणाले, परवा आडी महिना लागतो, आडीत नवी वस्तू घेऊ नये. त्याच वेळी मांडीवर पेपर होता आणि पानभर जाहिरात — आडी डिस्काउंट.

१६ जुलै

मेंटेनन्ससाठी सकाळी नऊपासून वीज नाही. त्यामुळे घरात शांतता.

१८ जुलै, शुक्रवार

आज आईचा आवाज आठवून बघत होते. क-च्या पाठात ती काय बोलली होती? शब्द आठवले. आवाज नीट आठवेना. देवासमोर दिवा लावायचा राहिला आणि तशीच बसून राहिले.

इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलू? हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला ही लिपी येते. या घरात बाकी सगळे तमिळमधून शिकलेले, दुसऱ्या कोणाला येत नाही, वही टेबलावर उघडी पडली तरी चालते. तर लिहिते — हा माणूस माठ आहे. ज्याला हात लावतो ते बिघडवतो आणि वर मलाच धीर देतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद कपाटात बंद केले, आता माझी आई बंद केली. आवाज मिळाला नाही तर मी ह्यांना माफ करणार नाही. कधीच नाही. जेवायला वाढेन, बोलणार नाही.

१९ जुलै

बोलले नाही. ह्यांना कळलंच नाही. शेवटी दुपारी विचारलं, "घसा दुखतो का?"

२१ जुलै, सोमवार

अखिला रात्रीच्या बसने आली. दात घासले, कॉफी प्यायली, लॅपटॉप उलटा केला. आतून हाताच्या पंजाएवढी चपटी डिस्क काढली, वायर असलेल्या एका डबीत घातली आणि स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. सगळे पाठ तिथे. जसेच्या तसे.

"आई, अप्पांचा पासवर्ड यंत्र सुरू करण्यापुरता. डिस्कला कुलूप नाहीच. कुलूप लागलं त्याच दिवशी मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, डिस्क काढून बघा म्हणून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "लाइन खराब होती," हे म्हणाले.

पहिला पाठ लावला. "क," आई म्हणाली. "कणीक. कढी." मग थोडं थांबून, "जया, तो फॅन बंद कर, मला आवाज ऐकू येत नाही." फॅनकडे माझा हात गेला.

हे दारात उभे होते. मागे वळून बघितलं तर नव्हते. परसात तुळशीला पाणी घालत होते. सकाळी घातलेलं होतं.

अखिलाने तीन ठिकाणी कॉपी केली. चेन्नईला पाठवून पण दिलं.

२४ जुलै

अखिला आपला जुना लॅपटॉप मला ठेवून गेली. आमचा बिघडलेला तसाच टेबलावर आहे. जेवण झालं की हे त्याच्यासमोर बसतात. तीनदा, बंद, परत तीनदा.

"आता कशाला?"

"घातलों मी. काढायला नक्को का?"

२७ जुलै, रविवार

लॅपटॉपवर वर्ग झाला, कॅमेरा सरळ, भूकंप नाही. मोबाइल धरायचं काही काम नव्हतं. हे तरी धरून उभे राहिले, फळ्याकडे तोंड करून. प्रद्युम्नने स, ह पर्यंत न चुकता वाचलं. ळ, क्ष, ज्ञ पुढच्या रविवारी.

वर्ग संपल्यावर फळा पुसू लागले तर हे म्हणाले, "राहू दे थोडा वेळ." मी स्वयंपाकाला गेले. माणूस रिटायर झाला की त्याला कशाचंही काम होतं.

२८ जुलै, सोमवार

वहीत कालच्या ओळींखाली पेन्सिलीने, पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर सुटं —

जया सगल वाचलों. ल चं दुसरं अकशर येत नाही. रविवार पर्यंत नक्को. आज सिकव.

सगळं. म्हणजे अठरा तारीख पण.

कॉफी देताना ह्यांनी मान वर केली नाही. मीही केली नाही. फळा ह्यांनी पुसून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवला होता.