निकालांची वही कुणाला

कोर्टांनी निकाल द्यायचा तर एकदाच द्यावा! खालच्यानं दिलेला वरच्यानं फिरवायचा, त्याचा आणखी वरच्यानं, आणि आम्ही कात्रणं चिकटवत म्हातारं व्हायचं. मी मेल्यावरही माझी वही अर्धवटच राहणार. म्हणून हे लिहिणं आलं.

मी, बांधकाम-गिलाव्याची कंत्राटं घेणारी, वय चोपन्न, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर ठेवून आणि स्वतःच्या मर्जीनं हे मृत्युपत्र करते. दबाव कुणाचाही नाही. माझ्यावर दबाव टाकायला आलेला माणूस जाताना चार विटा वाहून जातो.

१. राहतं घर नवऱ्याला, त्याच्यामागे मुलाला. स्वयंपाकघराची भिंत ओळंब्यात नाही, अर्धा इंच बाहेर आहे. ती मीच बांधली. कुणी विचारलं तर दुसऱ्या गवंड्यावर ढकलावं.

२. बँकेतली ठेव दोघांत निम्मी-निम्मी.

३. थाप्या, रंधे, लेव्हलची नळी माझ्या कामगारांना. शिडी सुताराला द्यायची होती, पण त्याला साक्षीदार केलंय, आणि साक्षीदाराला काही ठेवलं की भांडणाला तोंड फुटतं. त्याला चहा पाजला, विषय संपला.

४. आता वही. बांधकामाच्या खटल्यांचे निकाल मी एकोणीस वर्षं जमवले. सगळं वाचायची माझ्याकडेच कामाला असलेली माझी भाची. मी फक्त ठळक अक्षरं वाचायची आणि साइटवर न्यायाधीशीण असल्यासारखी बोलायची. 'मालकानं तोंडी सांगितलेला बदलही बंधनकारक' हा माझा लाडका निकाल. त्याच्या जोरावर एका मालकाच्या नुसत्या शब्दावर जिन्याची भिंत दोन फूट सरकवली. मालक म्हणाला, "मी कधी बोललो?"

भाची म्हणाली, "आत्या, तो निकाल केव्हाच फिरलाय. कोर्टात जाऊ नकोस."

"कालची पोर तू, मला शिकवतेस? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

ती आली नाही. मी कोर्टात कात्रण फडकवलं. समोरच्या वकिलानं नवा निकाल हळूच पुढे सरकवला, माझी कीव आल्यासारखा. भिंत परत होती तिथे बांधली. घरी येऊन वही उघडली, तर नवा निकाल आतच! वर भाचीच्या लाल अक्षरात: 'आत्या, हे वाच.' ठळक छापलेलं नव्हतं, म्हणून मी वाचलं नाही.

वही भाचीला. फिरलेले निकाल तिनं फाडावेत. तिला नको असेल तर रद्दीत द्यावी, म्हणजे निदान दुसरं कुणी माझ्यासारखं शहाणं होणार नाही.

सही: स्वतःच्या हातची, वाकडी पण माझीच
साक्षीदार: सुतार (सही), शेजारची शिंपीण (सही)
ठिकाण: स्वयंपाकघर, बाहेर आलेल्या भिंतीजवळ
दिनांक: चार मार्च

एक प्रत भाचीला. मेल्यावर तुझं उत्तर ऐकायला मी नसेन, म्हणून आत्ताच पाठवते. चूक माझी होती, हे लेखी देते. वही घेणार का, आणि मी आहे तोवर येऊन वाचून दाखवणार का, ते वीस मार्चच्या आत कळव. लेखी कळव. तोंडी चालत नाही, हे आता मलाही ठाऊक आहे.