टॅक्स कमी झाला, आता पोरं येतील

१ मार्च १९८५, शुक्रवार. पाथरी.
जुनी वही भरली, आजपासून नवी. वाल्मीक, सूनबाई कोकिळा आणि नात छबू परभणीला जाऊन चार महिने झाले. कारण एकच, महागाई. जाताना वाल्मीक स्वतः म्हणाला, "दादा, या महागाईत एकत्र जमंना गेलंय." म्हणजे माणसं वाईट नाहीत, भाव वाईट आहेत. आणि भाव सरकारच्या हातात. प्रश्न सुटण्यासारखा आहे.
हिला सांगितलं. ही म्हणाली, एका चुलीपेक्षा दोन चुली कधीपासून स्वस्त पडायल्या? अर्थशास्त्र बायकांना कळत नाही.

४ मार्च.
संकल्प: पाडव्याच्या आत पोरं घरी. यंदा बजेट सोळा तारखेला. सामान्य माणसाला मोठा रिलीफ मिळणार, असं पेपरात रोज येतंय. तहसीलमध्ये तीस वर्षं नाझर होतो. सरकारी तिजोरीच्या किल्ल्या माझ्या कमरेला. सरकारच्या मनात काय आहे ते मला वासावरून कळतं.

९ मार्च.
पोरांची खोली झाडून घेतली. ही झाडू देत नव्हती. म्हणाली, आधी ते येतात का बघा. ही फार निराशावादी आहे. छबूच्या झोळीची दोरी मात्र हिनं स्वतः धुऊन वाळत घातली. मी पाहिलं.

१६ मार्च, शनिवार. संध्याकाळ.
रेडिओला कान लावून बसलो. जिंकलो! इन्कम टॅक्सची मर्यादा पंधरा हजारांवरून अठरा हजार. वाल्मीकचा बँकेतला पगार वर्षाला साडेसोळा. म्हणजे टॅक्स साफ माफ. ओरडून हिला बोलावलं. ही पीठ लागलेल्या हातानंच आली, ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग?" मग काय? मग पोरं येतील! ही परत भाकरी थापायला गेली.

१७ मार्च.
वाल्मीकला चार पानी पत्र. टॅक्स किती वाचला, परभणीतलं घरभाडं किती वाचेल, सगळं मांडून दाखवलं. शेवटी लिहिलं: "आता कारण उरलेलं नाही. पाडव्याला सहकुटुंब येणे." हे वाक्य फार चांगलं जमलं आहे. दोनदा वाचलं.

२० मार्च.
उत्तर नाही. मार्चएण्ड आहे, बँकेत काम असणार.

२१ मार्च.
उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं. तो हसला. उद्या पोरं स्वतःच येतील तर पत्र कशाला लिहितील?

२२ मार्च, पाडवा.
गुढी उभारली. छबूसाठी साखरेची गाठी आणली, मोठ्यातली. परभणीच्या चार गाड्या पाहिल्या. स्टँडवर उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून दर वेळी केळी घेतली. घरात आता दोन डझन केळी आहेत. पुरण उरलं. ही जेवली नाही.
सणाची गर्दी, जागा मिळाली नसेल.

२४ मार्च, रविवार. परभणी.
हे वाल्मीकच्या घरी बसून लिहितोय. सकाळी हिला घेऊन निघालो. त्यांना संकोच वाटत असेल तर आपणच बोलवायला जावं, असा विचार.
छबू भिंत धरून चालते! मला कुणी कळवलं नव्हतं. मी हात पुढे केले तर रडली आणि आईच्या पदराआड गेली. चार महिने म्हणजे तिच्या वयाच्या मानानं फार.
कोकिळानं जेवायला वाढलं. माझ्या भाकरीवर तेलाची धार सोडली. बास म्हणालो तरी सोडत राहिली. "घ्या मामा, पोटभर जेवा." मी जेवता जेवता टॅक्सचं समजावलं. वाल्मीक ताटातच बघत होता. मग कोकिळा म्हणाली,
"मामा, टॅक्सचं काय घेऊन बसलात? दिवाळीत माझे दादा झरीहून आले होते. ध्यानात हाय?"
हाय, म्हणालो. तिचे वडील, आमचे व्याही सिताराम. भला माणूस. नंतर महिन्याभरात वारले.
"ते जेवायला बसल्यावर तुमी मला म्हणालात, तेल हात राखून वाढ, डब्याचा भाव माहीत हाय का. त्यांच्या तोंडावर. दादा अर्ध्या भाकरीवरून उठले. मी पाणी दिलं तर म्हणाले, पोट भरलं बाई. त्याच्यानंतर माझ्या हातचं ते जेवलेच न्हाईत."
तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. वाल्मीक म्हणाला, "मग मी महागाईचं नाव सांगितलं, दादा. तुमाला लागू नये म्हणून."
भाव खरोखरच वाढले होते, असं मी म्हणालो.

२५ मार्च. पाथरी.
एकटाच परत आलो. ही महिनाभर तिकडं राहणार. पोर चालायला शिकतेय, कुणीतरी मागं पाहिजे. बरोबरच आहे. टेम्पररी अरेंजमेंट.
गेल्या वर्षीची वही काढली. दिवाळीचं पान. माझं अक्षर: "व्याही आले. आहार अगदी कमी. आपल्या घरात सगळ्यांनी घेण्यासारखी सवय."
वही बंद केली. परत उघडली. तेच लिहिलेलं.

२९ मार्च.
भात करपला. कोकिळाला पत्र लिहायला बसलो. "चि. सौ. कोकिळास आशीर्वाद. त्या दिवशी तेलाचा भाव" इथपर्यंत लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं तरी भाव आलाच. दुसऱ्या शब्दानं वाक्य सुरूच होईना.

३ एप्रिल.
वाल्मीकचं पत्र! दारातच फोडलं. लिहितो, परभणीत रेशनकार्ड काढायचं आहे, कार्ड असल्याशिवाय स्वस्त साखर, तेल मिळत नाही. पाथरीच्या कार्डातून आमची नावं कमी केल्याचा दाखला पाठवा. खाली एक ओळ: "आईचंबी नाव कमी करून घ्या, असं तीच म्हणायलीय."
हिला लिहिता येत नाही. म्हणजे शेजारी बसून सांगितलं असणार.

८ एप्रिल, सोमवार.
तहसीलला गेलो. पुरवठ्याच्या टेबलावर मुंजाजी, माझ्याच हाताखाली शिकलेला. उठून उभा राहिला, चहा मागवला. फॉर्म दिला. चार नावं लिहिली. छबूचं लिहिताना हात थांबला. गेल्या श्रावणात ते कार्डावर मीच चढवलं होतं, पेढे वाटले होते. पुढं रकाना: "नावे कमी करण्याचे कारण."
"महागाई" लिहिलं. मग खोडलं.
मागं रांग लागली. शेवटी लिहिलं, "माझ्यामुळे."
मुंजाजीनं फॉर्म वाचला. माझ्याकडं बघितलं नाही. हळूच म्हणाला, "साहेब, आसं चालत न्हाई. स्थलांतर लिहा."
स्थलांतर लिहिलं. त्यानं शिक्का मारला.