भिंतीची करंगळी

१२ मार्च

भिंत! परत भिंत! एक्स-रेच्या खोलीबाहेर बसलेल्या पेशंटांनी आज टीव्हीचा आवाज वाढवला आणि आमचे बंधुराज सुरू झाले — "लहानपणी माझ्याबरोबर खेळायला कुणी नव्हतं. घरामागे एक भिंत होती. तीच माझी गुरू." एका बाईंनी डोळे पुसले. मी आत पुढच्या पेशंटला जरा जोरातच म्हटलं, श्वास रोखून धरा.

घरामागे भिंत नव्हती. कपडे वाळत घालायच्या दोरीचे दोन खांब होते आणि त्यांच्यामध्ये मी उभी असायचे. शाळेतून आल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याच्या फुटबॉलचे फटके अडवायचे. एकदा करंगळी मोडली, ती वाकडी ती वाकडीच.

१३ मार्च

करंगळी ठणकते आहे. थंडी नाही, राग.

१७ मार्च

बंधुराजांना एम.ए.ला सुवर्णपदक! टीमच्या बसमध्ये बसून अभ्यास केला म्हणे. फुटबॉल टीमचा कप्तान, वर पदक, वर दर रविवारी गरीब मुलांना फुकट शिकवणं. नवरा म्हणाला, तुझा भाऊ हाडाचा चांगला माणूस आहे. हाडांचं मला सांगू नका, दिवसभर तीच बघते.

आई फोनवर म्हणाली, त्याचं कौतुक झालं की तुझ्या कपाळाला आठी पडते. पडते. खोटं कशाला बोलू?

२१ मार्च

कळस झाला. साहेब दहा वस्त्यांत दहा भिंती बांधताहेत — ज्या मुलांना खेळायला सोबती नाही त्यांच्यासाठी! आणि पहिल्या भिंतीचं उद्घाटन ताईच्या हस्ते. म्हणजे माझ्या! आईनं परस्पर हो सांगून टाकलं. जखमेवर मीठ चोळायचं, तेही माझ्याच हातानं.

जाणार नाही.

२६ मार्च

स्वतः आला. आधी डावा बूट काढला, मग उजवा. लहानपणापासूनचं खूळ. जिंकलेल्या मॅचचे मोजे धूत नाही, मॅचच्या दिवशी नखं कापत नाही. एवढा शिकला, पण खूळ काही गेलं नाही.

चहाही न विचारता मी सुरू झाले. वीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. मी काय विटांची होते का, म्हटलं, आणि करंगळी त्याच्या नाकासमोर धरली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, करंगळी मोडली त्या दिवशी तूच मला आईची शपथ घातलीस. तू गोलात उभी राहतेस हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

खरं होतं. बाबांना कळलं असतं तर खेळणं बंद झालं असतं. मी त्यांना बोट दारात सापडलं म्हणून सांगितलं. प्लास्टर निघेपर्यंत तो क्लबात लागला होता आणि माझं खेळणं बंद झालं ते झालंच. शपथेचं मी साफ विसरले होते.

"अरे, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली!"

"आई आहे ना," तो म्हणाला. "आणि तू कधी 'सुटली' म्हणालीच नाहीस."

शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, हा आमचा लहानपणचा कायदा. मग विचारायचं नाहीस का, असं मी ओरडले. तर म्हणे, मला वाटलं, तुलाच ते कुणाला कळायला नको आहे.

तो गेला, आधी डावा बूट घालून.

२७ मार्च

राग आहे तसाच आहे. कुणावर काढायचा तेवढं कळेना.

२९ मार्च

गेले. वस्तीतली पोरं, कॅमेरे, नवी कोरी भिंत. तो माइकपाशी गेला आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, "लहानपणी माझ्याबरोबर खेळायला —"

मी पहिल्या रांगेतून ओरडले, "सुटली!"