डावीकडची वर्षं

प्रिय आई,

'प्रिय' लिहिलं, पेन खाली ठेवलं, चहा करून प्यायले आणि मग 'आई' लिहिलं. बावीस वर्षांत हा शब्द मी कागदावर उतरवलेला नाही. फॉर्मवर आईचं नाव विचारतात, पण तिथे नुसतं नाव लिहून भागतं. तुझा पत्ता तोच असेल असं धरून चालले आहे. आधी मुख्य बातमी सांगते, म्हणजे उगाच तुझा जीव टांगणीला लागायला नको. बाबा आहेत. साडेतीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. दोन आठवडे दवाखान्यात काढले, आता घरी आहेत, काठी टेकत चालतात, बोलतात, चिडतातसुद्धा. पण ते तुझी वाट बघताहेत, आणि त्यांचं ते वाट बघणं थांबवायचा बेत इथे चालला आहे. तो पार पडायच्या आत मला तुला गाठायचं होतं.

बाबांची डावी बाजू गेली. हात-पाय नव्हे, ते बरेच सुधारले. डावीकडचं जगच गेलं. डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी तीनदा तपासले. पण तिकडे काही असेल हे त्यांच्या मनातच येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी उजव्या गालाची दाढी गुळगुळीत केली आणि डाव्या गालावर जंगल ठेवून ऐटीत बाहेर आले. पेपरची प्रत्येक ओळ मध्यापासून वाचायचे आणि हल्ली लिहिणाऱ्यांना धड वाक्य येत नाही म्हणून त्यांचा उद्धार करायचे. ताटातलं उजवीकडचं संपवलं की माझ्यावर डाफरायचे, एवढंसंच वाढतेस म्हणून. मी नुसतं ताट फिरवून पुढे ठेवायचे. मग खूश, दुसऱ्यांदा वाढलं असं समजून जेवायचे. हसू नकोस. खरं तर हस, मीही हसले होते, स्वयंपाकघरात जाऊन, आणि मग तिथेच ओट्याला धरून रडले.

त्यांचं बसची वेळापत्रकं आखायचं काम तुला आठवतंय ना, की चष्म्याच्या काचा घासता घासता तेही पुसून टाकलंस? आगाराच्या वरच्या मजल्यावरची ती लांबलचक टेबलं, त्यावर ताणून बसवलेला कागद. डाव्या टोकाला पहाटेचे पाच, उजव्या टोकाला रात्रीचे अकरा, खालून वर एकेक थांबा, आणि प्रत्येक बस म्हणजे एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभी तितकी बस वेगात. आडवी झाली की बस थांबलेली, नुसता वेळ चाललाय. घरातही तीच भाषा. रविवारी मी लोळत पडले की बाबा म्हणायचे, आमची आडवी रेघ उठली का? तुला मात्र ते आडवी रेघ कधी म्हणाले नाहीत. तू सकाळी चष्म्याच्या कार्यशाळेत, दुपारी घरी, संध्याकाळी परत कार्यशाळेत. तुझी रेघ काढता काढता पेन्सिलीचं टोक मोडतं असं म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणायचे हे मला आत्ता, या वयात कळतंय.

दवाखान्यातून आल्यावर आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट बाई घरी येऊ लागल्या. माझ्याहून लहान आहेत, पण बाबा त्यांना टरकून असतात. त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि फर्मान काढलं, ही पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचं, मगच जेवायचं. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडून जुने फोटो मागून घेतले आणि बाबांना सांगितलं, आधी झालेलं आधी, अशी ओळ लावा. बाबांनी सगळे फोटो टेबलाच्या उजव्या कडेला रचले. तळ्याकाठचा आपला तिघांचा फोटो हातात घेऊन मला म्हणाले, इथे पोहायला जायचंय, टॉवेल काढून ठेव. निवृत्तीच्या दिवशीचा फोटो बघून म्हणाले, याला अवकाश आहे, माझा आलेख आखायचा बोर्ड कुठे नेऊन ठेवलात?

बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणून मनातही झालेलं डावीकडे आणि व्हायचं ते उजवीकडे मांडत जातो, आपल्या नकळत. उलट दिशेनं लिहिणारी माणसं बऱ्याचदा उलटं मांडतात. कुठे कुठे तर झालेलं समोर मानतात, कारण ते दिसलेलं असतं, आणि व्हायचं ते पाठीमागे. बाबांनी तर चाळीस वर्षं पहाट डावीकडे आणि रात्र उजवीकडे आखण्यात घालवली. त्यांची डावीकडची जागाच गेली, मग तिथे ठेवलेली वर्षं जाणार कुठे? ती उजवीकडे सरकली. मी आता त्याच आगारात माईकवर असते, तुला ठाऊक नसेल. 'सुटली आहे' आणि 'येत आहे' या दोन शब्दांवर माझं पोट चालतं. सुटलेली बस येत आहे असं मी एकदा जरी म्हटलं तरी लोक खिडकीवर चालून येतील. आणि घरी आले की समोर हा माणूस, ज्याच्या सगळ्या सुटलेल्या गाड्या अजून यायच्या आहेत.

आता जे सांगायचंय ते सांगते. एका दुपारी मी त्यांचं ताट फिरवत होते आणि ते सहज म्हणाले, परवा तुझ्या आईला त्या मोठ्या कारखान्यातून बोलावणं येणार आहे. आपल्या भाषेत परवा दोन्हीकडे चालतो, म्हणून मला वाटलं जुनं काही आठवतंय. पण ते पुढचंच बोलत होते. काचांच्या विभागाची मुख्य म्हणून घेतील तिला, म्हणाले, वर्षभरासाठी. ती म्हणेल, दर महिन्याला येत जाईन. आणि मी चांगलं वागणार नाही गं. मी कागद पुढे ओढीन, तिची जायची रेघ काढीन आणि म्हणीन, परतीची गाडी या कागदावर नाही, जायचं तर जा. ती भांडणार नाही. चष्मा काढून पुसत बसेल. मग त्यांनी माझा हात धरला, उजव्या हातानं. म्हणाले, आपण तसं होऊ द्यायचं नाही. ती बोलावण्याचं पत्र घेऊन आली की आधी मला हाक मार. मी 'जाऊन ये' म्हणणार आहे. एवढंच तर म्हणायचं असतं. पाठ करतोय.

आई, मी सोळा वर्षांची होते. मला सांगण्यात आलं होतं की आई कामासाठी गेली आणि परत यायचं नाही म्हणाली. तू एक सुटकेस घेऊन गेलीस, मी शाळेत होते, मला भेटलीसुद्धा नाहीस. कदाचित तुझ्यात तेवढं बळ उरलं नसेल. पण त्याबद्दल मी अजून रागावलेली आहे, उगाच गोड बोलत नाही. फक्त बावीस वर्षं मी तुला काचांसाठी घर सोडणारी बाई समजले, आणि बाबांना बिचारा. त्यांनी तो समज कधी दूर केला नाही. हिंमत झाली नसेल. मेंदूची एक बाजू बंद पडली तेव्हा कुठे तोंडून खरं निघालं, तेही अजून व्हायचंय म्हणून.

त्यानंतर मी एक वाईट काम केलं. टेबलावरची लाल पट्टी काढून टाकली. नऊ दिवस त्यांना मान वळवायला लावलं नाही. ते रोज सकाळी दाढी करून, अर्धी का होईना, तयार बसायचे, कारण तू कधीही पत्र घेऊन दारात येशील आणि त्यांना तुला अडवायचं नव्हतं, फक्त नीट निरोप द्यायचा होता. इतकं आनंदी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. दहाव्या दिवशी ते दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटून पडले. मी निमूटपणे पट्टी परत लावली आणि बाईंच्या शिव्या खाल्ल्या.

गेल्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन मान वळवली. तळ्याचा फोटो उचलला, टेबलाच्या पार डाव्या टोकाला नेऊन ठेवला आणि म्हणाले, हे झालंय. मग निवृत्तीचा. तोही झालाय. मग रिकामा हात टेबलावर ठेवून विचारलं, ती गेली का गं? मी हो म्हणाले. किती दिवस झाले? बावीस वर्षं, बाबा. ते रडले. तू त्यांना रडताना पाहिलं आहेस का? मी नव्हतं पाहिलं. तोंड उघडं, आवाज नाही.

आता सगळं जागच्या जागी आलं आहे. एक गोष्ट सोडून. रोज बारा वाजता ते खुर्ची दाराकडे फिरवतात आणि म्हणतात, तिचं पत्र येईल. बाई म्हणतात, हा शेवटचा तुकडा तेवढा उरलाय, तोही डावीकडे गेला पाहिजे. येत्या पंधरवड्यात मी त्यांच्यासमोर बसून ठामपणे सांगायचं, की आता पत्र येणार नाही, ते दिवस गेले. बाई हुशार आहेत, पण त्यांना माहीत नाही. बाबांनाही माहीत नाही. ते फक्त मला माहीत आहे, आणि तुला अर्धं. पोस्टमन बारा वाजता यायचा. बाबा आगारात असायचे, मी शाळेतून आलेली असायचे. तू गेल्यावर तुझी सात पाकिटं आली, सातही बाबांच्या नावानं. प्रत्येकावर 'घेण्यास नकार' मी लिहिलं, त्यांच्या आलेखावरच्या त्या सरळ, सुट्या अक्षरांत. ती वळणं त्यांनीच मला शिकवली होती. पाकिटं परत पोचली की तुला वाटावं, त्यांनीच लिहिलंय. तुला तसंच वाटलं असणार, कारण आठवं आलं नाही. तुझा पत्ता मला त्या पाकिटांच्या पाठीवरून पाठ आहे. बाबा समजतात तू कधी लिहिलंच नाहीस, आणि तरी वाट बघतात. तो आजार नाही गं. ती पत्रं त्यांच्यापर्यंत खरंच अजून यायची आहेत. मला जे बोलायचं ते सावकाश बोल, जन्मभर बोल, मी ऐकून घेईन. पण आधी त्यांच्या नावानं एक पत्र टाक. दार मी उघडीन, पण यावेळी पाकिटाला पेन लावणार नाही.

तुझीच, अजून तुझी म्हणवत असशील तर,
भिंगरी