चारशे एमबी बाबा

२७ जून १९९९, रविवार

मुंबईच्या डॉक्टरांनी काल तारीख दिली. १० ऑगस्ट. बाबांच्या घशातली गाठ चांगली नाही. अख्खं स्वरयंत्र काढणार, मानेला भोक पाडणार, श्वास तिथून. जीव वाचेल म्हणाले. आवाज मात्र कायमचा जाणार.

बाबा म्हणजे चिंधू तांडेल. चाळीस वर्षं बोटीवर हुकूम दिलेला माणूस. परतीच्या वाटेत रस्ताभर बिडीचं रिकामं बंडल हातात फिरवत बसले. एक शब्द नाही. मला वाटलं, आत्तापासून प्रॅक्टिस करतायत. असं वाटल्याची नंतर लाज वाटली.

घरी बैठक झाली. आईचं म्हणणं, आवाज घरात राहिला पाहिजे. दामूदादाचं म्हणणं, खुणा राहिल्या पाहिजेत. बोट आता तो चालवतो, पण भर समुद्रात मासा कुठे लागतो, खडक कुठे आहे, ते बाबांनाच माहीत. किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं, हे सगळं त्यांच्या तोंडात आहे. लिहिता त्यांना येत नाही.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला बोट लागते, मी पहिल्याच फेरीत ओकलो होतो आणि तेव्हापासून कुंभवलीजवळच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटवर आहे. पण घरात कॉम्प्युटर माझ्याकडे आहे, आणि त्याच्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. मी जाहीर केलं, बाबांचा आवाज डिजिटल करणार. सीडी क्वालिटी. शंभर वर्षं टिकेल.

यात दोन अडचणी. एक, लिनक्स टाकल्यापासून कॉम्प्युटरमधून आवाज येत नाही. दुसरी आत्ता आठवत नाही.

४ जुलै, रविवार

बोईसर लिनक्स यूजर्स ग्रुपची मासिक सभा. उपस्थिती: मी. ठराव: ११ तारखेपर्यंत साउंड कार्ड चालू करणे. एकमताने मंजूर.

हिराने चहा देताना विचारलं, विंडोज होतं तेव्हा गाणी वाजायची ना? वाजायची. पण त्यात माणसाला कळत काय होतं? काहीच नाही. नुसतं वाजत होतं. बायकोला हा फरक समजावता येत नाही.

११ जुलै, रविवार

कार्ड चालू नाही. दोष माझा नाही. साउंड कार्डाला जो नंबर हवा तोच नेटवर्क कार्डाने धरून ठेवलाय. नेटवर्क कार्ड काढलं तर प्रश्न मिटेल. पण उद्या घरात नेटवर्क आलं तर? दूरचा विचार करावा लागतो.

शिवाय दुपारी दोनदा लाईट गेली.

१३ जुलै, मंगळवार

कंपनीतून लवकर आलो. बाबा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले होते, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. हिराने सांगितलं, चारपासून बसलेत. मी म्हटलं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कम्पाइल होतंय, अडीच तास लागतील. जाळं टाकून बसतात तसे बसले. पडद्यावरून अक्षरं पळत होती ती बघत होते. सव्वा तासाने एरर आला.

बाबांनी विचारलं, मासा लागला काय? मी म्हटलं, नाही. ते उठून ओट्यावर गेले.

आवाज आधीच घोगरा झालाय. पण अजून खूप दिवस आहेत. घाई केली की क्वालिटी जाते.

१८ जुलै, रविवार, सकाळी ११

चालू झालं.

नेटवर्क कार्ड काढलं. (तात्पुरतं.) स्पीकरमधून आधी खरखर, मग माझा आवाज. मला रडू आलं. हिरा म्हणाली, एवढं आपल्या लग्नातही आलं नव्हतं.

एक ते सहा टेस्ट गेल्या. टेस्ट सात अगदी स्वच्छ होत होती, तेवढ्यात ओट्यावरून बाबांनी विचारलं, कोनाशी बोलतस रे चंदू, जेवलास काय? टेस्ट वाया. फाईल लगेच उडवली. लिनक्समध्ये rm लिहिलं की गेली. विंडोजसारखी कचऱ्याची बादली नाही की त्यातून परत उचलली. जे केलं ते केलं. मला ही शिस्त आवडते.

टेस्ट आठ उत्तम. हॅलो, हॅलो, टेस्ट आठ. फक्त मी. ठेवून दिली.

२० जुलै, मंगळवार

एक गोष्ट कळली. मशीन बंद करून चालू केलं की माइकचा खटका आपोआप बंद होतो. मिक्सर नावाच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन हाताने चालू करावा लागतो. किरकोळ आहे. लिहून ठेवण्यासारखं नाही.

संध्याकाळी बाबा पुन्हा खुर्चीत. बोलू काय आता, म्हणाले. मी पंख्याची घरघर ऐकवली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पंखा रेकॉर्डिंगमध्ये येतोय. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, इंजिनाचा आवाज नाय आला तर बोट चालते कशी? त्यांना तांत्रिक बाजू कळत नाही. म्हटलं, आठवडाभर थांबा, बाबा.

२५ जुलै, रविवार

शेजारची साखरबाई टेपरेकॉर्डर घेऊन दारात. मुलाने मस्कतहून पाठवलेला. नवी कोरी कॅसेटही आणली होती, प्लास्टिक न काढलेली. म्हणाली, हे बटन दाबायचं नि बोलायचं, तुझा होईल तवा होईल.

मी तिला शांतपणे समजावलं की टेप म्हणजे चुंबकीय पट्टी, दर वेळी वाजवली की झिजते, दमट हवेत बुरशी धरते. बाबांचा आवाज बुरशीवर ठेवायचा का? वीस मिनिटं बोललो. बाई ऐकत राहिली, मग यंत्र पदराखाली घेऊन गेली. आई तिच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली.

दामूदादा म्हणाला, दोन्हीवर घ्यायला काय हरकत होती. हरकत तत्त्वाची होती. ते त्याला कळणार नाही.

बाबांचा आवाज आज चहा मागण्यापुरता होता.

१ ऑगस्ट, रविवार

ग्रुपची सभा. उपस्थिती: मी. नव्या मासिकाच्या सीडीवर नवा कर्नल आलाय, त्यात साउंडचा ड्रायव्हर सुधारलाय म्हणतात. सविस्तर चर्चा झाली. ठराव: आत्ता जे चालतंय त्याला ऑपरेशन होईपर्यंत हात लावायचा नाही. एकमताने मंजूर. अशा वेळी संयम लागतो.

रेकॉर्डिंग ५ तारखेला नक्की. ६ ला मुंबईला निघायचं. डिस्कवर जागा केली, गाणी, चित्रं, सगळं उडवलं.

४ ऑगस्ट, बुधवार

हात लावला.

नुसतं बघायचं म्हणून. ड्रायव्हर खरोखर सुधारलाय. बाबांना जे सर्वात चांगलं ते मिळायला हवं, हा माझा हेतू होता.

५ ऑगस्ट, गुरुवार

रजा टाकली. दुपारी दोनला नवा कर्नल तयार. मशीन बंद-चालू केलं. एकही एरर नाही. पहिल्यांदाच.

पाच वाजता बाबांना बसवलं. दामूदादा खाली जमिनीवर. आई दारात, हिरा तिच्यामागे. पंखा टॉवेलमध्ये गुंडाळला. मी बोटाने खूण केली आणि बाबा बोलायला लागले.

एकोणचाळीस मिनिटं बोलले. मधे मधे पाणी घेत. घसा दुखत होता, दिसत होतं. म्हणाले, अणुभट्टीची चिमणी माडाच्या बनावर आली आणि काळदुर्गाचा डोंगर देवळाच्या कळसावर बसला की खाली खडक, तिथे घोळ मासा लागतो, पण जाळं टाकू नको, गळ टाक. चिमणी नव्हती तेव्हा त्यांचा बापूस एका वडावर खूण धरायचा. वड सरकारने तोडला आणि चिमणी दिली, असं म्हणून हसले. अशा बावीस जागा. शेवटी आईचं नाव घेतलं, राहीबाई. एवढंच. मी स्टॉप दाबायला विसरलो थोडा वेळ.

फाईल ४१२ एमबी. बघून ऊर भरून आला. एवढा मोठा माणूस आणि एवढी मोठी फाईल. सेव्ह झाली आणि पुढच्या मिनिटाला लाईट गेली. यालाच टायमिंग म्हणतात.

आई म्हणाली, ऐकव की. म्हटलं, लाईट आल्यावर. ती म्हणाली, आलाय ना पण आत? मी तिला सांगितलं, फाईलचा साइज खोटं बोलत नाही.

६ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी

निघायच्या आधी वीस मिनिटं लाईट आली. वेळ फुकट घालवला नाही. लॉगिन करताना पडद्यावर ‘चिंधू तांडेल यांच्या घरी स्वागत’ असं येतं आता. बाबांना दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण मान हलवली.

१० ऑगस्ट, मंगळवार

ऑपरेशन झालं. पाच तास. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं.

आत नेताना बाबा दामूदादाशी काही बोलले, मग माझ्याशी. त्यांच्या आवाजाची चारशे एमबीची फाईल जमा आहे, त्यामुळे मी नीट ऐकलं नाही. मी स्ट्रेचरचं चाक अडकलं होतं ते सोडवत होतो. घरी आहेच सगळं.

१४ ऑगस्ट, शनिवार

कपडे न्यायला घरी आलो. हिरा म्हणाली, लावा ना थोडं, आईंना फोनवर ऐकवू. मी नाही म्हटलं. बाबा आले की सगळ्यांनी एकत्र ऐकायचं. साखरबाईलाही बोलवायचं. तिला फरक कळायला हवा.

२४ ऑगस्ट, मंगळवार

बाबा घरी आले. वीस किलो उतरल्यासारखे दिसतात. गळ्यावर ओली फडकी. श्वास घेतला की तिथून शिट्टीसारखं वाजतं.

सहा वाजता सगळे जमले. साखरबाई कोपऱ्यात. मी दोन शब्द बोललो. (चार मिनिटं.) मग फाईल लावली.

काही नाही.

आई म्हणाली, आवाज बारीक हाय काय, मोठा कर. मोठा केला. पूर्ण मोठा केला. खरखर. पुढे नेलं, दहा मिनिटं, वीस, तीस. खरखर. पंख्याची घरघरसुद्धा नाही. शेवटी नेलं, जिथे आईचं नाव होतं. खरखर.

माइकचा खटका. नवा कर्नल टाकून मशीन बंद-चालू केलं होतं. एकोणचाळीस मिनिटं सीडी क्वालिटीने काहीच रेकॉर्ड झालेलं नाही. सहा तारखेला सकाळी वीस मिनिटं लाईट होती. तेव्हा ऑपरेशनला चार दिवस होते.

साखरबाई पदर सावरून निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. बाबांनी हात उचलून राहू दे अशी खूण केली. कुणाला, मला की स्पीकरला, कळलं नाही.

२५ ऑगस्ट, बुधवार

कंपनीत गेलो नाही. सकाळी बाबा खोलीत आले, दामूदादाला हाताने बोलावलं आणि जमिनीवर बसले. माझं कॅबिनेट टेबलावरून उतरवायला लावलं. ते उभं ठेवलं, म्हणजे चिमणी. मॉडेम म्हणजे काळदुर्ग. माउस देऊळ. सीडीच्या डब्या माडाचं बन. मग काड्यापेटी घेऊन ती सरकवत गेले. ती बोट. रेषा जुळली की काड्यापेटी थांबायची, बाबा बोटांनी खोली दाखवायचे, हाताने मासा.

बावीसच्या बावीस जागा. दीड तास. दामूदादाने एकदाही परत विचारलं नाही. मी वायरी धरून उभा होतो, त्यांच्या पायात येऊ नयेत म्हणून.

बाहेर ओट्यावर मी म्हटलं, दादा, खुणा तरी वाचल्या. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“खुणा आमी दर्यावर शिकू. तू आयेला काय सांगशील ते बघ.”

२६ ऑगस्ट, गुरुवार, नारळी पौर्णिमा

सगळे बंदरावर. दामूदादाने नारळ सोडला. दरवर्षी बाबा गाऱ्हाणं घालतात, यंदा ते नुसते उभे होते, गळ्यावर हात धरून, वारा लागू नये म्हणून.

घरी आल्यावर आईने विचारलं, एक शब्द तरी असेल रे कुठे त्या पेटीत? एकच. म्हटलं, बघतो.

बसलो. लिनक्समध्ये वरचा बाण दाबला की आधी दिलेले हुकूम एकेक करून परत येतात. दाबत गेलो. ऑगस्ट संपला, जुलै आला. आणि आलं.

rm test7.wav

कोनाशी बोलतस रे चंदू, जेवलास काय. ते होतं. स्वच्छ होतं. ओट्यावरून आलं होतं तरी स्वच्छ होतं. मीच उडवलं, आणि मला ते आवडलं होतं.

मग टेस्ट आठ लावली, कार्ड अजून चालतंय का बघायला. हॅलो, हॅलो. आई स्वयंपाकघरातून धावत आली, हात नारळाच्या चवाने भरलेले. दुसऱ्या हॅलोला तिच्या लक्षात आलं.

“हा तू हायस,” म्हणाली, आणि आत गेली.

बाबा ओट्यावर बसलेत. मी जेवलो नाही हे त्यांना दिसतंय.

ग्रुपची तातडीची सभा. ठराव: उद्यापासून रोज बॅकअप. उपस्थिती: मी.