प्रसेनजीतचा एकुलता एक जिगरी दोस्त

३ जून २००६, शनिवार
पेपरात फोटो! गारगोटीच्या शाळेतला आमचा प्रसेनजीत. सिरियलचा हीरो झालाय हे माहीत होतं. आता १८ तारखेला टीव्हीवर तासभर मुलाखत. विषय, माझं बालपण. म्हणजे माझं नाव येणारच. दोन वर्षं एका बाकावर होतो. दोस्त म्हणावा असा मला आयुष्यात तेवढा एकच. बाकी सगळी गिऱ्हाइकं.
संकल्प : गुटखा बंद. पोट कमी. चॅनलवाले बाइट घ्यायला आले तर स्पेअर पार्टच्या रॅकसमोर बरं दिसलं पाहिजे.
प्रसेनजीत असं पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही. शाळेत मी त्याला ज्या नावानं हाक मारायचो ते इथे लिहीत नाही. कुणी वाचलं तर उगाच गैरसमज.

६ जून, दुपारी, दुकानात
बाइटची तयारी. रोज माझं दप्तर घरापर्यंत आणायचा. दोन वर्षांत एक खाडा नाही. गृहपाठही तोच लिहायचा, अक्षर मोत्यासारखं. आजकाल कोण करतं एवढं? मधल्या सुट्टीत मी त्याला बाकावर उभा करून हेडसरांचा आवाज काढायला लावायचो. नाही काढला की पाठीत धपाटा. अख्खा वर्ग हसून लोळायचा. त्याच्यातला नट बाहेर काढला तो मीच. दीप्तीला परत सांगितलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय, म्हणाली.
गुटखा : एकच पुडी. टेन्शनमुळे.

११ जून
पुरवणीत मुलाखतीची झलक. शाळेत एका मुलानं मला फार छळलं, म्हणतो. हल्ली सगळेच स्टार हे सांगतात. आधी छळ, मग जखमा, मग स्वतःचा शोध. पण प्रसेनजीत खोटं बोलणारा नाही. डोकंच फिरलं. माझ्या दोस्ताला कुणी छळलं आणि मला पत्ता नाही? नक्की मागच्या बाकावरचा धैर्यशील. फोन लावून चांगला झापला. तो म्हणाला, पिरथ्या, तुला खरंच म्हाईत न्हाय व्हय? आणि फोन ठेवला. मनात पाप असलं की माणूस असाच फोन ठेवतो.

१८ जून, सकाळी साडेनऊ
मटण चार किलो. गल्लीतली पंधरा माणसं जेवायला. गारगोटीहून आक्काही आली, माझी थोरली बहीण. नवा शर्ट. पोट आहे तेवढंच.

दुपारी दोन
झाली मुलाखत. त्या मुलाचं नाव त्यानं घेतलं नाही. तो मला काय म्हणून हाक मारायचा तेही सांगणार नाही, म्हणाला, आई टीव्ही बघत असेल. दप्तर सांगितलं. बाक सांगितला. हेडसरांचा आवाजसुद्धा. खोलीत कुणी घास उचलेना. हे सगळं त्यांना तोंडपाठ, मीच गल्लीभर सांगितलेलं. आक्का ताट सरकवून म्हणाली, आरं, ह्यो तर तूच की.
मी म्हणालो, एडिटिंग केलंय.

२२ जून
आमच्याकडची बोलीच तशी. शिवी दिल्याशिवाय प्रेम पोचत नाही. मुंबईत राहून तो विसरला. ते नाव जातीवरून होतं हे खरं, पण मीच पाडलं म्हणून काय झालं, म्हणायचे सगळेच. ९ जुलैला इथे त्याच्या नाटकाचा प्रयोग आहे. भेटलो की मिनिटात सगळं क्लिअर.
संकल्प : सॉरी म्हणायचं नाही. काही केलेलंच नाही.
गुटखा : मोजला नाही.

९ जुलै
नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी दीड तास उभा. तो बाहेर आला. बघितल्याबरोबर ओळखलं त्यानं. मला फार आनंद झाला. जुन्या सवयीनं हात वर केला, पाठीत धपाटा घालायला.
एवढा सहा फुटी माणूस. त्यानं मान आत ओढली आणि डोळे घट्ट मिटले.
माझा हात तसाच वर. शेजारच्या माणसानं विचारलं, पावणं, सही पायजे व्हय? मी मान डोलावली. प्रसेनजीतनं कागद घेतला आणि खाली बघतच विचारलं, नाव काय लिहू?
नाव सांगितलं. सॉरी म्हणायचं राहून गेलं.
घरी येऊन कागद उघडला. पृथ्वीराज यांस शुभेच्छा. अक्षर अजून तेच, माझ्या गृहपाठाच्या वह्यांतलं. बघता बघता रडू आलं, थांबेना. दीप्ती आली. तिला म्हणालो, गुटखा सोडलाय ना, त्यानं डोळे चुरचुरतात.
सोडलेला नाही, हे तिला माहीत आहे.