क्रांतीच्या रुखवतातला कुकर

कसबा बावडा, कोल्हापूर
ता. १९ मे १९९९

तीर्थस्वरूप मामींना, समोर यायची लाज वाटते म्हणून कागदावरूनच पाया पडणाऱ्या संग्रामचा नमस्कार.

मामांचा गुडघा आता जिना चढू देतो का? म्हैस व्याली असेल, तर रेडा झाला की रेडी, ते कळवा. इकडं सगळे बरे आहेत. (मी सोडून. पण माझी चौकशी करायची आता घरात कुणाची इच्छा उरलेली नाही.)

आमच्या समोरच्या आकारामकाकांच्या क्रांतीचं लग्न झालं, हे तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही आला नाहीत, हे देवानं बरं केलं. मामी, क्रांतीबद्दल मला काय वाटत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आताही सांगत नाही. (तुम्ही ओळखलंच असेल.) लग्न ठरल्यावर तीच माझ्याकडं आली आणि म्हणाली, "लोकरीचे ससे आन् मण्यांचे मोर बघून कट्टाळा आलाय. माझं रुखवत तू कर. तुझं त्ये कॉलेजचं कायतरी कर की." माझं 'कॉलेजचं कायतरी' म्हणजे जगप्रसिद्ध चित्रं घरातल्या भांड्याकुंड्यांवर उतरवायची. सरांनी त्याला भांड्याचं दुकान म्हटलं, म्हणून मी त्यांच्या टेबलावर रंगाचं पाणी ओतून कॉलेज सोडलं होतं. त्याच कलेला अख्ख्या गावात तिनं एकटीनं मान दिला होता. तिच्या लग्नाचं का असेना, मी हो म्हणालो.

काम जीव ओतून केलं. सुपावर मोनालिसा काढली आणि तिच्या हातात खरं लाटणं अडकवलं. दुधाच्या किटलीवर ती फुलदाणीतली पिवळीधमक सूर्यफुलं काढली. वितळणारी घड्याळं ओल्या पापडांवर रंगवून दोरीवर वाळत घातली. (वरपक्षाच्या एका पावण्यानं त्यातलं साडेदहाचं घड्याळ मोडून खाल्लं. अक्षता पडेपर्यंत त्याची जीभ निळी होती.) पण सगळ्यात जमला होता कुकर. एका परदेशी चित्रकारानं पुलावर उभा, कान दाबून किंचाळणारा एक माणूस काढलाय. कुकराच्या अंगावर मी तो लाल आकाशाचा पूल घेतला, झाकणावर त्याचं तोंड घेतलं, आणि शिट्टी बरोबर त्या वासलेल्या तोंडात बसवली.

लग्नादिवशी वरमाई अंबूबाई सगळ्या बायकांना घेऊन रुखवत बघायला आल्या. मोनालिसाला त्यांनी 'सोशिक दिसतीया' म्हटलं. कुकरापाशी मात्र थबकल्या. "ह्यो कोण गं, आ वासून बसलाय?" मागून कुणीतरी म्हणालं, "वळखलं न्हाईस व्हय? तूच की! सुनंनं आत्ताच सासूचा फोटू काढून आणलाय." बायका फिदीफिदी हसल्या, अंबूबाईंचा चेहरा कुकराच्या आकाशाएवढा लाल झाला, आणि आकारामकाका हात जोडत धावले. मामी, 'हे परदेशी चित्र आहे' एवढं एक वाक्य बोललो असतो, तरी भागलं असतं. पण कुणीतरी माझ्या चित्राला फोटू म्हटलं होतं. मी ओरडलो, "सासू न्हवं, ही क्रांती हाय! तुमच्या घरात यायचंय म्हणून किंचाळालीय!"

बँड थांबला. वरपक्षाकडचं कोणीतरी म्हणालं, "गाड्या काढा." आकारामकाकांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला, तो अंबूबाईंच्या पायावर ठेवण्यासाठी. आणि तेवढ्यात क्रांती मुंडावळ्या सावरत बाहेर आली. वडिलांचा हात धरून तिनं फेटा परत त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि सासूला म्हणाली, "व्हय, मीच हाय ती. मला भाताचं पाणीबी कळत न्हाय, आत्याबाई. सैपाक म्हटलं की माझं असंच हुतंय. मीच त्याला काढाय सांगिटलंतं. शिकवशीला न्हवं?" मग अंबूबाई पोट धरून हसल्या, आणि त्यांच्यामागं सगळा मांडव हसला.

मी हसलो नाही. तिची आई गेल्यापासून त्या घरातला घासन् घास क्रांतीच्या हातचा आहे. तिच्या पांढऱ्या रश्श्यासाठी मटण नसलेल्या दिवशीही लोक वाटी घेऊन येतात. ज्या एका गोष्टीचा तिला अभिमान, तीच तिनं भर मांडवात माझ्यापायी येत नाही म्हणून सांगितली. मी आचाऱ्याच्या चुलवणामागं जाऊन बसलो, तो तिची गाडी निघेपर्यंत. तिनं मला शोधलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

तुमचा, ओळख न सांगण्यासारखा भाचा,
संग्राम

ता. क. अंबूबाईंचं घर तुमच्याच गल्लीत आहे. सहज म्हणून जा आणि पोरीला स्वयंपाक उत्तम येतो, हे त्यांच्या गळी उतरवा. नाहीतर जन्मभर तिला भाताच्या पाण्यावरून टोमणे बसतील. माझं नाव मात्र घेऊ नका.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो, तर तिचा भाऊ यशराज तिला भेटून एसटीतून उतरत होता. तिनं दुसऱ्याच दिवशी कालवण केलं म्हणे. अंबूबाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "खोटारडी हाईस की गं!" तेव्हा वरचं काम राहू द्या. माझ्यासाठी तिचा एकच निरोप आहे: शिट्टी रंगानं चिकटलीय, डाळ शिजायची खोळंबलीय, तर हे चित्र कशानं निघतं? तुमच्या गडहिंग्लजच्या गाडीतल्या ज्ञानू कंडक्टरजवळ या पत्राबरोबर टर्पेंटाइनची बाटली देतोय. तेवढी तिच्या हातात पोचवा. रंग रॉकेलनंही निघतो, पण ते तिला सांगू नका.